तपासणीच्या खोलीतील सीमाभाग

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या व्यवसायातील अनुभवावर काही लिहा' असा आग्रह केला, तेव्हा प्रथम लसीकरण, स्तनपान, बालकांचा आहार असे नेहमीचेच विषय मनात आले. त्यांवर आपण सर्वांनीच आजवर पुष्कळ लिहिले आहे, व्याख्यानेही दिली आहेत. परंतु रोज सकाळी दवाखान्याचे दार उघडल्यापासून रात्री ते बंद होईपर्यंत आपल्यासमोर उभा असणारा एक विषय मात्र आपण डॉक्टर मंडळी सहसा लेखणीवर घेत नाही. तो म्हणजे भाषेचा. मराठी मुलूख नेमका कोठे संपतो आणि कानडी मुलूख कोठे सुरू होतो, या प्रश्नावर सीमाभागात सभा झाल्या, मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली, हुतात्मे झाले. त्याच प्रश्नाकडे एका बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीतून पाहिले तर काय दिसते, ते मी येथे मांडणार आहे. माझे म्हणणे सर्वांना पटेल असे नाही. तरीही ते मांडावे असे गेली काही वर्षे मनात घोळत आहे.

माझा जन्म येळ्ळूरचा. बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. चांगळेश्वरीची यात्रा, कुस्तीचे मैदान, दरवर्षी भरणारे साहित्य संमेलन आणि पावसाळ्यात नजर पोहोचेल तेथवर हिरवेगार दिसणारे भाताचे शिवार, ही आमची ओळख. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. घरात मराठी, देवळात मराठी, तालमीत मराठी. कन्नड हा शाळेतला एक विषय होता आणि तो उत्तीर्ण होण्यापुरताच शिकायचा, असा आमच्या वयाच्या मुलांचा जणू अलिखित नियम होता. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्या जून महिन्यात गोळीबारात माणसे मारली गेल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. ती भाषा मुद्दाम न शिकणे हा त्या वयात मला एक प्रकारचा सत्याग्रहच वाटत असे. ही पार्श्वभूमी सांगितली, कारण पुढे मी जी कबुली देणार आहे तिचे मूळ येथे आहे.

इतिहासाची उजळणी थोडक्यात करतो. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्यानंतर दहाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. अपवाद एकट्या चंदगड तालुक्याचा. तो कोल्हापूरकडे गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी व खानापूर भागातील गावे महाराष्ट्राला, जत व अक्कलकोट भागातील गावे म्हैसूरला, आणि बेळगाव शहर जेथल्या तेथे, असा त्याचा गोषवारा. तो महाराष्ट्राने अमान्य केला. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता हे निकष आम्ही सीमावासीय लहानपणापासून पाढ्यांसारखे पाठ म्हणत आलो. २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकालाची वाट पाहता पाहता दोन दशके उलटून गेली आणि तेव्हा माझ्याकडे लसीकरणाला आलेली बाळे आज मतदार झाली आहेत.

आता नकाशा बाजूला ठेवून आपण पायी निघू या. येळ्ळूरहून पूर्वेस धामणे, हलगा, बस्तवाड करीत हिरेबागेवाडीकडे आणि तेथून बैलहोंगलकडे जाताना मराठी मुलूख संपला असे कोठे म्हणावे? जमीन तर कोणत्याही आयोगाच्या आधीपासून स्वतःचे उत्तर देत आली आहे. पश्चिमेस खानापूर-चंदगडकडे सह्याद्रीचा धो-धो पाऊस आणि भात. पूर्वेस पाऊस कमी होत जातो, माती काळी होत जाते आणि भाताची जागा ज्वारी घेते. कानडी माणूस याच दोन मुलखांना मलनाड आणि बयलुसीमे म्हणतो. बेळगाव या दोहोंच्या उंबरठ्यावर बसलेले आहे. आमच्या घरी दोन्ही वेळा भात आणि आमटी. माझ्या बैलहोंगलकडच्या रुग्णांच्या घरी ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई आणि शेंगाचटणी. पण मधल्या गावांत एकाच ताटात भाकरीही असते आणि भातही. ताटातल्या कोणत्या पदार्थाशी रेघ ओढायची?

सणावारांचेही तसेच आहे. बैलांचा सण एकच, पण दिनदर्शिकेत 'कर्नाटकी बेंदूर' आणि 'महाराष्ट्रीय बेंदूर' असे दोन दिवस वेगळे दिसतात. पहिला ज्येष्ठी पौर्णिमेला, ज्याला कानडीत कार हुण्णिमे म्हणतात, आणि दुसरा आषाढात. सीमेवरच्या कित्येक गावांत एका गल्लीचे बैल एका दिवशी सजतात, तर पलीकडच्या गल्लीचे दुसऱ्या दिवशी. पाडव्याला आमच्या दारी गुढी उभी राहते. त्याच दिवशी कानडी घरी युगादी असते आणि कडुनिंब व गूळ दोन्ही घरांत खाल्ला जातो. देवांनी तर ही रेषा कधीच मानलेली नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची रांग लागते, चिंचलीच्या मायाक्काला महाराष्ट्रातून धनगर येतात, आमचा खंडोबा तिकडे मैलार होतो आणि पंढरीच्या विठ्ठलाला तर ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हटले आहे. आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो ते अण्णा, अक्का हे शब्द कानडीतून आपल्याकडे आले. उलट धारवाडकडच्या कानडी माणसाच्या घरी गेल्यास तो आपल्याला 'चहा'च विचारतो.

आणि आमची स्वतःची मराठी? पदव्युत्तर शिक्षणासाठी मी पुण्यास गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याला सहज विचारले, "काय करूलास?" तो आणि त्याचे मित्र पोट धरून हसले. आमच्याकडच्या स्त्रिया 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, हे ऐकून तर त्यांना करमणुकीचा विषयच मिळाला. त्यानंतर चार महिने मी पुणेरी बोलण्याचा सराव केला. सुटीला घरी आलो तेव्हा आई म्हणाली, "असं का बोलूलास रे? बरं नाही काय तुला?" ज्या भाषेसाठी आम्ही बेळगावात लाठ्या खाल्ल्या, त्याच भाषेच्या माहेरघरी आमची बोली अर्धी कानडी ठरली होती. हा सल मी बरीच वर्षे बाळगला. आज वाटते, त्या हसण्यामागे एक सत्य होते. जेथे एक संस्कृती दुसरीला वाट करून देते तेथे रेघ नसतेच मुळी, तेथे एक पट्टा असतो आणि त्या पट्ट्याची स्वतःची बोली असते. आम्ही त्या पट्ट्याचे रहिवासी आहोत. सीमेपलीकडचे चंदगडचे लोक 'करूलास'च म्हणतात. १९५६ च्या रेषेने एका बोलीचे दोन तुकडे केले, पण बोली काही दोन झाली नाही.

आता ती कबुली. १९९८ मध्ये मी बेळगावात दवाखाना सुरू केला. दुसऱ्या पावसाळ्यात बैलहोंगलकडच्या एका खेड्यातून एक आजी आपल्या आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. जुलाब, थोड्या उलट्या, सौम्य शुष्कता. रोज दहा मुले येत तसेच हे एक. मी जलसंजीवनीची पाकिटे दिली आणि माझ्या स्वच्छ मराठीत सांगितले, "हे एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा आणि प्रत्येक जुलाबामागे अर्धी वाटी, थोडे थोडे पाजा." मी विचारले, "समजलं का?" आजी म्हणाली, "हूं री." मी पुढच्या रुग्णाला बोलावले.

तिसऱ्या दिवशी रात्री ते बाळ झटके येत असलेल्या अवस्थेत परत आले. रक्तातील सोडियम १७० च्या घरात होते. आमच्या सिस्टरने आजीला कानडीतून विचारले तेव्हा उलगडा झाला. माझ्या वाक्यातले दोन शब्द आजीच्या ओळखीचे होते, 'पाकीट' आणि 'वाटी'. मधले सारे तिच्या कानांवरून वाहून गेले होते. तिने एक पाकीट एका वाटीभर पाण्यात विरघळवून पाजले होते, आणि बाळाला तहान लागत होती म्हणून तसेच पुन्हा पुन्हा दिले होते. ती रडत एकच वाक्य म्हणत होती, "नीव हेळिदांग कोट्टेनरी." तुम्ही सांगितलेत तसेच दिले. आणि ते खरेच होते.

पुढचे दोन दिवस सोडियम हळूहळू खाली आणण्यात गेले. हे काम घाईने केल्यास मेंदूला सूज येते, हे आपण सारे जाणतो. त्या अठ्ठेचाळीस तासांत मी दवाखाना सोडला नाही. बाळ वाचले आणि पुढे त्याची वाढही व्यवस्थित झाली. पण ती रात्र मला विसरता आलेली नाही. चूक आजीची नव्हती, पाकिटाचीही नव्हती. शाळेत आठ वर्षे शिकवली गेलेली भाषा मी अभिमानापोटी शिकलो नव्हतो आणि त्या अभिमानाची किंमत एका अजाण बाळाने मोजली होती.

या प्रसंगाने मला एक गोष्ट शिकवली, जी सीमाभागातील प्रत्येक डॉक्टरने ध्यानात ठेवावी असे वाटते. रुग्णाची भाषा आपल्याला मुळीच येत नसेल तर धोका तुलनेने कमी असतो, कारण तेव्हा आपण दुभाषा शोधतो. खरा धोका असतो तो अर्ध्यामुर्ध्या समजण्यात. दोन भाषा शेकडो वर्षे शेजारी नांदल्या की त्यांचे शब्द एकमेकींत मिसळतात, आणि ओळखीचा शब्द कानावर पडला की दोन्ही बाजूंना वाटते, समजले. वांती हा शब्द दोन्ही भाषांत एकाच अर्थाचा आहे, तेथे प्रश्न नाही. पण 'उरी' घ्या. कानडीत उरी म्हणजे जळजळ. एक आई मुलाला लघवीच्या वेळी 'उरी' होते असे सांगत होती आणि मी, नवशिका, त्याच्या उरावर स्टेथोस्कोप ठेवून बसलो होतो. आणि सर्वांत सुंदर शब्द म्हणजे 'कूस'. मराठीत कूस म्हणजे आईचे उदर. कानडीत कूसु म्हणजे तान्हे बाळ. एकीत जे धारण करते ते, दुसरीत जे धारण केले जाते ते. भाषाशास्त्र मला येत नाही आणि या दोन शब्दांचे नाते काय हे मी सांगू शकत नाही. परंतु कानडी आई 'कूसु अळताव री' म्हणू लागली की माझ्या मराठी मनात क्षणभर काहीतरी हलते, हे मात्र खरे.

त्या पावसाळ्यानंतर मी कानडी शिकलो. गुरू आमच्या सिस्टर आणि रुग्णांच्या आया-आज्या. 'एनागेत्री?' पासून सुरुवात केली. माझे उच्चार ऐकून पहिले वर्षभर बायका पदराआड हसत. पुण्यात हसले गेल्याचा सल मनात होता, पण हे हसणे वेगळे होते. त्यात आपलेपणा होता. डॉक्टर आपल्या भाषेत चुकत चुकत बोलतो आहे याचे त्यांना अप्रूप होते.

मित्रहो, २०१४ हे वर्ष आठवून पाहा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. १९९५ पासून आपण सर्वांनी पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर घालवलेल्या वर्षांचे ते फळ होते. सीमेवरच्या वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या टोळ्या, आज या राज्यात तर उद्या त्या राज्यात मुक्काम करणारी कुटुंबे या सर्वांपर्यंत पोहोचल्याशिवाय ते शक्य नव्हते, कारण विषाणूला राज्याची हद्द कळत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा आमच्या गावच्या वेशीवरचा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवण्यात आला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, तो पुन्हा काढला गेला आणि गावाने पोलिसांच्या लाठ्या झेलल्या. आणि १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बदलून बेळगावी झाले. एकाच वर्षातील या तीन घटनांपैकी पहिलीत दोन्ही भाषांची माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. उरलेल्या दोहोंत ती समोरासमोर होती. फलकासाठी मार खाणाऱ्यांत माझे आप्त होते. त्यांच्या वेदनेची टवाळी करण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण मनात प्रश्न येतोच. फलक काढल्याने येळ्ळूर मराठी राहिले नाही काय? आणि तो परत लागला, तर तेवढ्याने ते मराठी राहील काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दूरच्या एका मुलखाचे उदाहरण वाचनात आले, ते सांगतो. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या दक्षिणेस केजन नावाचा फ्रेंचभाषक समाज आहे. त्यांच्या पूर्वजांना १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या कॅनडातील अकादी प्रांतातून हाकलून लावले होते. दक्षिणेस दलदल, भातशेती, कॅथलिक देवळे आणि फ्रेंच गाणी. उत्तरेकडे जावे तसे पाइनची जंगले, कापूस, बॅप्टिस्ट चर्च आणि इंग्रजी बोलणारा ग्रामीण अमेरिकन समाज. तेथेही एक मुलूख दुसऱ्याला हळूहळूच वाट देतो. १९७१ साली तेथील विधिमंडळाने बावीस परगण्यांचा 'अकेडियाना' प्रदेश अधिकृतपणे मान्य केला. म्हणजे ज्या रेषेसाठी आपण आयुष्ये वेचली, ती त्यांना सन्मानाने मिळाली. पण तोवर फार उशीर झाला होता. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत केवळ इंग्रजी बंधनकारक केली होती आणि शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. ती मुले मोठी झाली आणि आपल्याला झालेला अपमान आपल्या लेकरांना होऊ नये म्हणून त्यांनी घरात फ्रेंच बोलणेच सोडले. १९६८ मध्ये फ्रेंचच्या पुनरुज्जीवनासाठी सरकारी परिषद स्थापन झाली, परंतु आईच्या तोंडून गेलेली भाषा परिषदेच्या तोंडून परत आणणे कठीण असते. तेथे रेषा मिळाली आणि भाषा आतून ओसरली. आमच्या येळ्ळुरात रेषा चुकीची पडली, तरी भाषा सत्तर वर्षे टिकली. ती टिकली ती आमच्या आयांनी चुलीपुढे, शेतात आणि पाळण्याशी ती बोलत ठेवली म्हणून.

आणि म्हणूनच आज मला जी काळजी वाटते ती कानडीची नाही. माझ्यासमोर बसलेली आई मराठी, बाप मराठी, आजी तर अस्सल येळ्ळूरची. पण दीड वर्षाच्या बाळाशी तिघेही मोडक्या इंग्रजीत बोलत असतात. "बेटा, टंग दाखव अंकलला." विचारले तर सांगतात, "डॉक्टर, तीन तीन भाषा झाल्या तर बोलायला उशीर होतो ना, म्हणून घरात मराठी बंदच केली." वाचकांनी, विशेषतः डॉक्टरेतर वाचकांनी, हे नीट लक्षात घ्यावे. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मूल बोलण्यात मागे पडत नाही. दोन भाषांच्या घरातील मूल कधी दोन्ही मिसळून बोलते, तो दोष नाही. त्याचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी होत नसेल, तर भाषेला दोष न देता मुलाचे कान तपासावेत आणि विकासाची तपासणी करून घ्यावी. 'दोन भाषांमुळे उशीर होतो आहे, बोलेल हळूहळू' असे म्हणून बहिरेपणाचे किंवा स्वमग्नतेचे निदान वर्ष-दोन वर्षे लांबलेली मुले मी पाहिली आहेत. आणि आईने मुलाशी तीच भाषा बोलावी, जिच्यात तिला रागावता येते, लाड करता येतात आणि गाणे म्हणता येते. उसन्या भाषेत अंगाई गाता येत नाही.

आता आपल्या व्यवसायबंधूंना काही सुचवावेसे वाटते. सीमाभागात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक मराठी डॉक्टरने कामापुरती कानडी शिकावी आणि प्रत्येक कानडी डॉक्टरने कामापुरती मराठी. औषधाची मात्रा सांगून झाल्यावर 'समजलं का?' हा प्रश्न कायमचा सोडावा. त्याऐवजी 'आता तुम्ही मला सांगा, कसं देणार?' असे विचारावे आणि ते आईच्या तोंडून, तिच्या भाषेत ऐकावे. जलसंजीवनीसाठी लिटरची रिकामी बाटली टेबलावर ठेवून ती दाखवावी. मात्रा आईला वाचता येईल त्या लिपीत लिहावी, आणि वाचताच येत नसेल तर सूर्य-चंद्राची चित्रे काढावीत.

एवढ्यावर मी थांबलो, तर माझे येळ्ळूरचे मित्र म्हणतील, डॉक्टर आता पलीकडचे झाले. तसे नाही. रुग्णाला त्याच्या भाषेत समजले पाहिजे हे तत्त्व मान्य केले की ते दोन्ही बाजूंना लागू होते. येळ्ळूरच्या गर्भवतीच्या हाती पडणारे 'तायी कार्ड' तिला वाचता येत नसेल, संमतिपत्रावर ती न वाचता अंगठा किंवा सही करीत असेल, तर तोही वैद्यकीय धोकाच आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावयास सांगतो. आरोग्याची कागदपत्रेही याच न्यायाने दोन्ही भाषांत असावीत ही मागणी आपण डॉक्टरांनी संघटितपणे करावयास हवी. जतच्या कानडी आईसाठी महाराष्ट्रात आणि येळ्ळूरच्या मराठी आईसाठी कर्नाटकात, एकाच तोंडाने. अशी मागणी करणाऱ्याला कोणी प्रांताभिमानी म्हणून झटकू शकणार नाही. आणि कानडी शिकल्याने आपला दावा दुबळा होतो असेही मला वाटत नाही. निपाणीची मुले अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकण्यासाठी रोज राज्याची हद्द ओलांडतात आणि संध्याकाळी परत येतात. त्यांचे मराठीपण किंवा कानडीपण वाटेत कोठे गळून पडत नाही. चंदगडचा रुग्ण शिनोळीवरून बेळगावला येतो तो जवळ पडते म्हणून. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर चाचणीचा अहवाल असल्याशिवाय प्रवेश नव्हता, तेव्हा ही ये-जा थांबली की काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्या आजीविषयी सांगायचे राहिले. ती पुढे अनेक वर्षे येत राहिली, नातवाला घेऊन आणि नंतर नातवाशिवायही. येताना फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या कडक रोट्ट्या आणि शेंगाचटणी असे. मी तिला जाताना येळ्ळूरच्या शिवारातला तांदूळ देत असे. त्या रात्रीबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. काही वर्षांपूर्वी ती गेली. तिचा नातू आता बेळगावात नोकरी करतो. मध्यंतरी तो दवाखान्यात भेटायला आला होता. मी त्याच्याशी कानडीत बोलत होतो आणि तो माझ्याशी मराठीत. दोघेही चुकत होतो. अर्धा तास गेला तरी कोणी कोणाला दुरुस्त केले नाही.

दाव्याचा निकाल जो लागायचा तो लागेल आणि न्याय मिळावा ही माझीही प्रार्थना आहे. पण उद्या सकाळी दवाखाना उघडेल तेव्हा कोणीतरी आई बाळ घेऊन समोर बसेल. तिला आपण सांगितलेले समजले की नाही, हे तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पुढच्या रुग्णाला हाक मारू नये, एवढीच या निमित्ताने सर्व व्यवसायबंधूंना नम्र विनंती.